पान दोनशे चौदा

पान उतरवून चाळीस मिनिटं झाली होती आणि शाल्मली तारकुंडे अगदी निर्धास्त होती. मंगळाभोवती फिरणाऱ्या स्थानकावर सौरहवामानाचं खातं तिच्याकडे होतं. वसाहतीबाहेर पडावं की नाही, हे सांगणारं पान दोनशे चौदा तिनेच उभं केलेलं. खालची विखुरलेली घरं काही विचारत नसत. स्थानक सगळी पानं एकामागून एक, वीस सेकंदांच्या फेरीत, अखंड पाठवत राही. घरच्या संगणकावर आकडा दाबायचा, आपलं पान फेरीत आलं की ते पडद्यावर उमटे. लोक या सोयीला ‘फेरपाटी’ म्हणत.

सूर्यावर भडका उडाल्याचं एका मापकाने सांगितलं होतं, दुसरा गप्प होता. गेल्या साली अशाच अर्धवट खबरीवरून माणसं दोन दिवस आसऱ्याच्या गुहांत कोंडली आणि स्थानकाने पोटभर शिव्या खाल्ल्या. दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून नियमच पडला: शंका आली की पान फेरीतून उतरवायचं. पानच दिसलं नाही तर बाहेर कोण मरायला जाईल?

आता दुसऱ्या मापकानेही दुजोरा दिला. जीवघेण्या कणांचा लोंढा सोळा मिनिटांत पोचणार होता. शाल्मली धोक्याचा मजकूर लिहायला बसली, तेवढ्यात प्रक्षेपण अभियंता विनायक धुरीने तिला हाक मारली. चाचणीसाठी ठेवलेल्या घरगुती संगणकाकडे तो टक लावून बघत होता. पडद्यावर पान दोनशे चौदा होतं: ‘बाहेर पडण्यास सुरक्षित’. माथ्यावर आत्ताची वेळ, सेकंदासकट पुढे सरकणारी.

“हे मी उतरवलंय,” ती म्हणाली.

“म्हणून तर राहिलंय. नवं आल्याशिवाय संगणक जुनं पुसत नाही, आणि नवं आपण पाठवलंच नाही.”

“पण घड्याळ चालू आहे.”

“वेळ प्रत्येक पानाच्या माथ्यावर जाते, बाई. भाजीपाल्याच्या भावाचं पान आलं तरी संगणक त्यातली वेळ उचलतो. मजकूर मघाचा, वेळ आत्ताची.”

घड्याळ चालू दिसलं की पान ताजं समजा, असं शाल्मलीनेच घरोघर शिकवलं होतं. सगळ्यात आधी आप्पांना, आपल्या वडिलांना.

तिने त्यांच्या घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. मग त्यांच्या बाहेर जायच्या पोशाखातल्या रेडिओवर हाक दिली. आप्पा लगेच बोलले. लांबच्या टेकाडावर पंप बघायला निघालेत, गुहा अर्ध्या तासाच्या वाटेवर मागे राहिली, असं मजेत सांगू लागले. पान दोनदा बघूनच निघालो, घड्याळ चालू होतं, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं.

तिने सगळं सांगून टाकलं. रडत, अडखळत, स्वतःला दोष देत.

“ते मागाहून,” आप्पा म्हणाले. “आधी पान बदल. शेजारचे दळवी नवराबायको तेच बघून निघायच्या बेतात होते.”

तिने धोक्याचं पान फेरीत सोडलं. वीस सेकंद ती आणि धुरी त्या घरगुती संगणकासमोर उभे राहिले. ‘सुरक्षित’ पुसलं गेलं.

“बदललं, आप्पा.”

“शाब्बास. आता माझं सांग. किती वेळ आहे?”

शाल्मलीने पानाच्या माथ्यावरचं घड्याळ पाहिलं. या खेपेला मजकूरही आत्ताचाच होता.

“अकरा मिनिटं,” ती म्हणाली.