चाळीस सेकंदांचा लोड

सकाळी आमच्या भागात कचऱ्याची गाडी येते, तेव्हा तिच्यातून जी बाई ‘ओला वेगळा, सुका वेगळा’ म्हणून विनवते ती मी. सप्त्याचं आमंत्रण, भंगारवाल्याची हाळी, निवडणुकीची जीप, अमडापूरच्या भजनी मंडळाची गाणी, सगळं खामगावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड होतं. मला कुणी शिकवलं नाही. भावाचं सामान पडून होतं आणि दुपारी घरात कुणी नसायचं. बटणं दाबत गेले आणि कुठल्या बटणानं काय बिघडतं ते लक्षात ठेवत गेले.

खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. मधे काचेची खिडकी. काचेच्या आत गाणारे, बाहेर मी, माझा संगणक, आणि आमच्या पहिल्या फ्रिजबरोबर आलेला काट्याचा स्टॅबिलायझर. फ्रिज कधीच भंगारात गेला. स्टॅबिलायझर चालू आहे, म्हणून ठेवला. एरवी त्याचा काटा दोनशेवीसवर झोपलेला असतो.

भाऊ म्हणजे शौनक, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याचा मेटल बँड होता. नाव ‘भारनियमन’. ज्या वर्षी खेड्यांत आठ-आठ तास वीज जायची, त्या वर्षी कॉलेजच्या चार पोरांनी काढला. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये, सरकीच्या वासात सराव करायचे. नऊ-नऊ मिनिटांची गाणी, दोन गिटारी, आणि घशात गिट्टी भरल्यासारखं ओरडणं. समोरची पोरं केस मोकळे सोडून डोकी हलवायची. आई एकदाच बघायला गेली. परत येऊन म्हणाली, “सगळ्यांच्याच अंगात येते तिथं. उतरवणारा कोणी नाही.”

त्यांची एक गोष्ट फार नावाजली गेली होती. शौनकचा सोलो आला की बाकीचे तिघे एकदम गप्प व्हायचे आणि शौनक एकटा चाळीस सेकंद वाजवायचा. पुण्याच्या एका मासिकानं त्या शांततेवर दीड पान लिहिलं होतं. खरी गोष्ट अशी की शेडला वीज पुरत नसे. शौनकची पेडलं आणि त्याचा मोठा अँप्लिफायर एकदम चालू झाले की फ्यूज उडायचा. म्हणून सोलो आला की बाकीच्यांनी आपापली बटणं बंद करायची, ड्रमवाल्यानं मागे हात घालून टेबल फॅनसुद्धा, असा ठराव होता. पुढे मोठ्या गावांत, चांगल्या विजेवर वाजवायला लागले तरी सवय गेली नाही.

आठ वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाहून परत येताना वडनेर भोलजीच्या अलीकडे हायवेवर शौनक गेला. बँड थांबला. तिघे दिवाळीला फराळाला येत, चकली तोडत बसत, आणि त्याचं नाव निघालं की कुणीतरी पंख्याकडे बघे.

मागच्या चैत्रात धम्मदीप एकटाच आला. हा बँडचा गाणारा. पिंपळगाव राजाला शाळेवर आहे, केस गेले, चष्मा आला. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, “ताई, पुन्हा सुरू करून राह्यलो. पण साधं. एकच गिटार, तीन मिनिटांचं गाणं, आरडाओरडा नाही. माझी माय गाते तसं. सुरू झालं की सरळ जाऊन संपलं पाहिजे.”

“मग अडलं कुठं?”

“शौनकच्या गाण्यापाशी.” त्यानं चष्मा पुसला. “‘आठ तास’. ते सोडून बाकी सगळी बसली. रविवारी बुलढाण्याले कार्यक्रम आहे. ते गाणं त्याच्याशिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं, तं बँड आहे. नाही तं मी स्टेजवर नाही चढत, मंग पुन्हा कधीच नाही. तुमची हरकत नसेल तं त्याची जागा काढून टाकतो.”

“काढा,” मी म्हटलं. मी खरंच सहज म्हटलं. आठ वर्षं झाली होती, आणि दिवाळीला पंख्याकडे बघणारी तीन मोठी माणसं मला बघवत नव्हती.

बुधवारी दुपारी तिघे आले. दुपारी, कारण गल्ली तेव्हा झोपलेली असते. कूलर बंद, कारण कूलरचा आवाज येतो. धम्मदीप गाणार आणि बेस वाजवणार. गिटारवर अर्जुन. वडनेरला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि तिथं लोक त्याला अर्जुनराव म्हणतात, हे सांगताना तो स्वतःच हसतो. ड्रमवर हिंमत, टेंट हाऊसवाला. आतल्या कोपऱ्यात एक स्टूल आणि वर खुंटीला शौनकची गिटार, तारा गंजलेल्या. ती मी आठ वर्षांत पुसण्यापलीकडे हाताळली नव्हती. मला ‘सा’सुद्धा धड लावता येत नाही.

पहिला टेक सुरू झाला. गाणं खरंच साधं झालं होतं. भाकरी थापल्यासारखे ड्रम, त्यावर धम्मदीपचा सरळ आवाज. दोन मिनिटं झाली आणि तिघे थांबले.

विसरले असतील, असं मला वाटलं. पण बोलणं नाही, हसणं नाही. मग जिथं सोडलं तिथूनच, एकाच ठोक्यावर, पुन्हा सुरू झाले आणि गाणं संपवलं.

मी दार उघडलं. “मधे काऊन थांबले?”

“कोण थांबलं?” हिंमत म्हणाला.

“तुम्ही तिघं.”

अर्जुन घाम पुसत म्हणाला, “ताई, उन्हानं होते असं. खिशात कांदा ठेवत जा.”

मी त्यांना ऐकवलं. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं झालं होतं. मधले चाळीस सेकंद नुसती खोली ऐकू येत होती.

“कॉम्प्युटर हँग झालं असन,” हिंमत म्हणाला.

दुसरा टेक, तीन चाळीस. तिसरा टेक, तीन चाळीस. तिसऱ्याला मी घड्याळाकडे बघत बसले होते, म्हणून शेजारचा आवाज ऐकला. स्टॅबिलायझर ‘कट’ असा वाजला. काटा दोनशेवीसवरून उतरत एकशेसत्तरवर आला आणि तिथंच थरथरत राहिला. डोक्यावरचा दिवा पिवळा पडला. चाळीस सेकंदांनी तिघांनी गाणं उचललं, पुन्हा ‘कट’, आणि काटा वर गेला.

आत कुणी काही वाजवत नसताना, आणि माझ्या खोलीतला सगळ्यात मोठा लोड म्हणजे कूलर बंद असताना, वीज कोण ओढत होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. गल्लीत कुणी गिरणी लावली असेल असं स्वतःला सांगितलं. आमच्या गल्लीत गिरणी नाही.

चौथ्या टेकला मी मोबाइल काचेला टेकवून ठेवला आणि नंतर तो त्यांच्या हातात दिला. तीन डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली.

पडद्यावर धम्मदीप गाता गाता थांबतो आणि बेसवरचं बटण फिरवतो. अर्जुन पायानं काहीतरी दाबतो. त्याच्या पायाखाली माझ्या खोलीत फक्त सतरंजी आहे. हिंमत काड्या मांडीवर ठेवतो, न बघता मागे हात घालतो आणि हवेत एक बटण खाली करतो. मग तिघे कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघत उभे राहतात. चेहऱ्यांवर काही नाही. पंगतीत वाढपी आपल्यापर्यंत यायची वाट बघावी, तेवढंच.

“हा मी नोहो,” अर्जुन म्हणाला. शर्ट मात्र त्याचाच होता.

हिंमतनं आपला उजवा हात उलटसुलट करून बघितला. “शेडमधी तिथंच होता बे फॅन,” तो धम्मदीपला म्हणाला, “बरोब्बर तेवढ्याच उंचीवर.”

धम्मदीपनं मोबाइल पालथा ठेवला. मग मला म्हणाला, “कापून टाका ताई.”

“कापते. दोन मिनिटांचं काम आहे. पण रविवारी स्टेजवर काय मी कैची घेऊन उभी राहू?”

तो उठला आणि बेस पिशवीत भरायला लागला. चेनचा तेवढा आवाज खोलीत झाला.

तेवढ्यात समता आली. समता म्हणजे धम्मदीपची बायको, सरकारी दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपवून सगळ्यांना डबा आणि थर्मासमध्ये चहा घेऊन आली होती. तिनं व्हिडिओ बघितला, पाणी प्यायली आणि म्हणाली, “झटका येणाऱ्या पेशंटसमोर आम्ही माणूस बसवतो. तुम्ही आत बसा ताई त्यांच्यासमोर. हातानं ताल देत राहा. तुमच्याकडे पाह्यतील, तं थांबणार नाहीत.”

“हाव,” हिंमत म्हणाला. “एकदा पाहू. धम्म्या, काढ बे तो बेस बाहेर.”

आत बसायला जागा एकच होती. कोपऱ्यातलं स्टूल.

मी रेकॉर्डिंग चालू केलं, आत गेले, बसले. पाठीला खुंटीवरची गिटार लागत होती. समता काचेबाहेर, माझ्या खुर्चीत.

गाणं सुरू झालं. मी उजव्या हातानं मांडीवर ताल धरला आणि तिघांच्या डोळ्यांत बघत राहिले. दोन मिनिटं जवळ आली. धम्मदीपच्या कानशिलावरून घाम खाली आला.

ते थांबले नाहीत.

एक ठोकासुद्धा चुकला नाही. माझा तालही चुकला नाही, हे मी शपथेवर सांगेन. गाणं सरळ गेलं आणि संपलं.

हिंमतनं दोन्ही काड्या कपाळाला लावल्या. अर्जुन खाली सतरंजीवर बसून घेत म्हणाला, “झालं रे बुवा.” धम्मदीपनं वाकून माझ्या पायांना हात लावला. असलं तो कधी करत नाही, त्याच्या घरात ती रीतच नाही. मी त्याला उठवलं. त्याचे डोळे भरले होते, माझेही.

तिघे डबा उघडायला ओट्यावर गेले. मी बाहेर माझ्या खुर्चीपाशी आले.

समता उठली नव्हती. चहाचा कप तिच्या हातात तसाच होता.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही केव्हा शिकल्या?”

“काय?”

“गिटार.”

मी हसले. ती हसली नाही.

“हे तिघं उभे राह्यले पाहात. तुम्ही वर हात करून ती काढली आन् मांडीवर घेतली. मले वाटलं तुमचं ठरलं असन.”

“आवाज आला?”

“काही नाही. वायर कोठी लावली होती तिले? पण बोटं लय फिरत होती, ताई.”

मी पडद्याकडे बघितलं. तीन मिनिटं, चाळीस सेकंद.

आत जाऊन आले. गिटार खुंटीवर होती. तारा गंजलेल्या होत्या. फक्त वरच्या पट्ट्यांवर, वीतभर जागेत, गंज घासून निघाला होता आणि लोखंड नवं दिसत होतं.

ओट्यावर हसण्याचा आवाज येत होता. अर्जुन कुणाची तरी नक्कल करत होता. आठ वर्षांत मी त्यांचं एवढं हसणं ऐकलं नव्हतं.

समतानं माझ्याकडे बघितलं. मी ‘सांगू नको’ अशी मान हलवली. तिनं चहा संपवला.

मी बसून चाळीस सेकंद कापले, दोन टोकं जोडली, आणि तिघांना बोलावून तीन मिनिटांचं गाणं ऐकवलं.

“रविवारी तुम्हाले यावं लागन,” धम्मदीप म्हणाला. “समोर नाही, वर स्टेजवरच. कोपऱ्यात स्टूल टाकतो. तुम्ही बसल्या तं आम्ही थांबत नाही.”

“येईन,” मी म्हटलं.

संध्याकाळी ठेच्यासाठी मिरच्यांची देठं काढायला बसले, तर डाव्या हाताची चार बोटं एकदम चुरचुरली. दिव्याखाली धरली. प्रत्येक बोटाच्या टोकावर तपकिरी रेघा होत्या, चिरत गेलेल्या. साबणानं दोनदा धुतली तरी लोखंडाचा वास गेला नाही. यजमान म्हणाले, “कशानं कापलं?” मी म्हटलं, “मिरच्यांनी.” त्यांनी पेपर उलटला.

शनिवारी हिंमतला फोन केला. स्टेज, मांडव, वीज सगळं त्याचंच होतं.

“जनरेटर कोणता आणून राह्यला?”

“लहाना, ताई. आता आपल्याले किती लागते? तिघंच तं आहो.”

“मोठा आण.”

“मोठा कायले?”

“आण म्हटलं ना.”

मागे कुणीतरी लोखंडी पाइप टाकल्याचा आवाज आला. “हाव,” तो म्हणाला.

शौनकच्या डाव्या हाताची नखं कायम मुळापासून कापलेली असायची, तारा दाबाव्या लागतात म्हणून. उजव्या हाताची वाढलेली. आई म्हणायची, अर्ध्याच अंगाची आंघोळ करतो हा.

फोन ठेवून मी अंगणात उन्हात बसले. चार वाजले होते. कचऱ्याची गाडी दुसऱ्या फेरीला आली होती आणि माझाच आवाज गल्लीभर सगळ्यांना विनवत गेला. मी नेलकटर घेतलं होतं. नखं कागदावर गोळा केली, पुडी केली, सुक्या कचऱ्यात टाकली आणि हात झटकले.

तेव्हा बघितलं. उजव्या हाताची तशीच होती.