बर्फ बसला, म्हणजे नेमकं काय झालं?

बर्फ बसला, ही बातमी चांगली की वाईट? सांगा बरं! आम्ही तिथेच चुकलो, आणि आमच्यात एक यंत्रमानवही होता.

मी चार्वी. माझे आजोबा, म्हणजे आबा, हिमालयातल्या एका चौकीवर हिमशास्त्रज्ञ आहेत. रोज खड्डा खणायचा आणि बर्फाचे थर तपासायचे, हे त्यांचं काम. मी सुट्टीत आले म्हणून मलाही जुंपलं होतं. खणून खणून माझा जीव मेटाकुटीला आला होता आणि आबांचे गुडघे तर बोलायला लागले होते. टिचकी हा आमचा यंत्रमानव. तो तेवढा दमत नसे, मेला!

त्या दुपारी माझी आई सुमेधा स्कीवाल्यांची तुकडी घेऊन समोरच्या उतारावरून येणार होती. टिचकीने 'सुरक्षित' कळवलं की तिने निघायचं, असं ठरलं होतं.

मी चौकीजवळच्या सपाटीवर पाऊल टाकलं आणि पायाखाली 'हुम्म' असा दबका आवाज झाला. आजूबाजूचा सगळा बर्फ बोटभर खाली गेला. मी कंटाळून वॉकीटॉकीवर म्हटलं, "आबा, बर्फ बसला."

"बसला? सुटलो बुवा एकदाचे!" चौकीतून आबा म्हणाले. टिचकीने लगेच आईला कळवून टाकलं, "उतार सुरक्षित."

"पण आबा, तो हुम्म करून का बसला?"

"काय?" आबा ओरडलेच. "अगं, मग कोसळला म्हण ना! टिचकी, सुमेधाला थांबव! आत्ताच्या आत्ता!"

"बसणे म्हणजे स्थिरावणे," टिचकी म्हणाला.

"आणि घर बसलं म्हणजे काय रे, शहाण्या? थांबव तिला!"

टिचकी हाका मारत राहिला. आई उत्तर देईना. मी वॉकीटॉकीला कान लावून उभी राहिले. शेवटी खरखर झाली आणि आईचा आवाज आला. "थांबलोय गं. निघणारच होतो. आता लांबच्या वाटेने येतो."

मी चौकीत जाऊन मटकन खाली बसले. आबांनी घाम पुसला आणि थकलेल्या आवाजात समजावलं, "नवा बर्फ हळूहळू दबतो, त्याचे कण एकमेकांना धरतात. ते बसणं चांगलं. पण कडाक्याच्या थंडीत खालच्या थरातले कण जाड साखरेसारखे सुटे होतात. तो दुबळा थर (वरचं ओझं न पेलणारा थर). त्याच्यावर घट्ट बर्फाची लादी असते. पाऊल पडलं की साखर चिरडते आणि आतली हवा हुम्म करून बाहेर पडते. सपाटीवर एवढंच होतं. उतारावर मात्र अख्खी लादी घसरते. तेच हिमस्खलन (बर्फाचा लोंढा)."

"मग यापुढे आवाज झाला का, तेही विचारीन," टिचकी म्हणाला.

"विचार बाबा. आणि आम्ही दमलेलो असलो तर दोनदा विचार."

तेवढ्यात समोरच्या उतारावर आडवी भेग पळाली आणि सगळा बर्फ धडधडत खाली आला.

आई आली तेव्हा ऊन उतरलं होतं. "रडतेस काय वेडे? चहा टाक आधी. उद्या मीही येते खणायला," ती म्हणाली. मी तिचे बूट ओढून काढले. पाय गारठले होते. ते चोळता चोळता मला आणखीच रडू आलं.