हमिंगबर्डचा लाल दिवा

हे इमानीला ऐकू द्यायला हवं होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. नऊ वर्षांची तर आहे माझी पोर. थर्मनमामाने ओसरीवरचा दिवा मालवला तेव्हा मी म्हटलंही, "मामा, रात्री घाबरेल ती."

"घाबरू दे की. कापसात गुंडाळून ठेवणार आहेस तिला?" म्हणत मामाने सुरू केलं.

"लव्हेल वायरमन माझा दोस्त. खोटं रचायची त्याला अक्कलच नाही. दोन हजार एकोणीस, चौदा नोव्हेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी आपला नाचगाण्याचा हमिंगबर्ड हॉल पाडणार होते, गाड्या लावायला जागा हवी म्हणून. मिस ओटिलीने गोऱ्यांची धुणी धुऊन उभा केलेला हॉल! तिच्या नातीने लव्हेलला आत जायच्या परवानगीची चिठ्ठी लिहून किल्ली दिली. पियानोचं झाकण तेवढं काढून आण म्हणाली. साठ वर्षांपूर्वी गावातलं एकही हॉटेल आपल्या काळ्या वादकांना खोली देत नसे. ते ओटिलीच्या माडीवर झोपायचे आणि जाताना त्या झाकणाच्या आतून खिळ्याने नाव कोरायचे."

"आणि लाल दिवा?" इमानी म्हणाली. म्हणजे माझ्यामागे आधीच सांगून झालं होतं तर!

"स्टेजच्या वर. गोरी पोरं चोरून नाचायला यायची, आणि आपण काळ्यांनी त्यांच्याबरोबर नाचणं हा तेव्हा गुन्हा. शेरिफची पोलीसगाडी दिसली की दारावरचा माणूस बटण दाबायचा. दिवा लागला की वाजवणं बंद, गोरे मागच्या दाराने पसार. आपल्यांनी हातातलं सगळं खाली ठेवून हात वर करायचे. हातात काही दिसलं तर गोळी.

"तर त्या रात्री, अकरा चाळीस. हॉलची वीज लव्हेलनेच दुपारी तोडलेली. कपाळाला बॅटरी, हातात काळं ड्रिल. झाकणाचा शेवटचा स्क्रू..."

मामा पुढे झुकला.

"दिवा लागला. लाल.

"वायर नाही. बल्बसुद्धा नाही, रिकामा होल्डर. तरी लाल.

"मग पावलं. शेकडो. नाचणारी... एकदम थांबली.

"बापाने शिकवलेलं लव्हेलच्या हातांना आठवलं. ड्रिल खाली. हात वर.

"आणि दार फुटलं."

"भूत?" इमानीने विचारलं.

"पोलीस. पिस्तूल रोखून. 'हातात काय आहे?' काहीच नव्हतं. तरी चाळीस मिनिटं पालथं पाडून ठेवलं त्याला. चिठ्ठी तीनदा वाचली. जाताना म्हणतो, 'नशीब तुझं, हात रिकामे होते.' नशीब! साठ वर्षांनीसुद्धा आपल्या मेलेल्यांना पहाऱ्यावर उभं राहावं लागतं, आणि हा म्हणे नशीब! आता तिथे पाटी ठोकलीय, 'संगीताचा वारसा'. महापौराचं नाव आहे. ओटिलीचं नाही."

ही नुसती गोष्ट आहे गं, असं मी म्हणणार होते. पण इमानीने हातातला सरबताचा पेला केव्हाच खाली ठेवला होता. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, उघडे.

"आणि झाकण?" मीच विचारलं.

"पहाटे नातीच्या स्वयंपाकघरात उलटं केलं," मामा हळू आवाजात म्हणाला. "सगळ्या नावांच्या खाली एक नाव होतं. लव्हेल. त्याने तर खिळ्याला हातही लावला नव्हता. खाचेतला भुसा अजून ताजा, पांढरा होता."