तिसरी रिंग

ही घडलेली गोष्ट आहे. पटवून द्यायला हातात काही नाही. पण घडली, एवढं नक्की.

गेल्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं हॅलिफॅक्स, चढावरच्या गल्लीतलं शेवटचं घर. पाच वाजायच्या आतच बाहेर मिट्ट काळोख झाला होता.

वेंडी आईकडे, थेल्माकडे, एका साध्या कामासाठी आली होती. फोन आणि इंटरनेटचा करार संपला होता आणि कंपनीने दर वाढवले होते. थेल्माच्या पेन्शनमध्ये एवढं बिल भरून पुन्हा हिवाळाभर घर गरम ठेवणं जमण्यासारखं नव्हतं. इंटरनेट हवंच होतं. ऑस्ट्रेलियातला नातू दर रविवारी त्यावरच दिसायचा.

घरचा फोन मात्र...

"आई, या फोनवर येतं कोण? विमा विकणारे, नाहीतर तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय म्हणणारे चोर."

"चोरांशी मस्त गप्पा होतात माझ्या. परवा एकाला वाटाण्याच्या सुपाची कृती सांगत बसले. शेवटी त्यानेच कंटाळून ठेवला."

वेंडीला हसू आलं. "दुसऱ्या कंपनीकडून नुसतं इंटरनेट घेतलं तर बरंच स्वस्त पडतंय गं. मोबाइल आहे की तुझ्याकडे."

"फोन राहू दे."

"अगं, पण का?"

चहा गरम राहावा म्हणून थेल्माने किटलीवर लोकरीची टोपी नीट बसवली. मग वर न बघताच म्हणाली,

"तुझे बाबा अजून पोचले नाहीयेत."

वेंडीचे बाबा, वॉल्टर, जानेवारीत गेले होते.

जन्मभर त्यांनी ट्रक चालवला. मुक्कामी पोचले की रस्त्यावरच्या बूथमधून घरी फोन लावायचे. तीन रिंग होऊ द्यायचे आणि ठेवून द्यायचे. कुणी उचलायचा नाही. उचलला नाही की नाणं परत. तीन रिंग म्हणजे 'सुखरूप पोचलो'. त्या गल्लीतल्या सगळ्याच घरांची ही रीत होती. लहानपणी वेंडी जिन्यात बसून वाट बघायची. तिसरी रिंग झाल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

जानेवारीत ॲम्ब्युलन्स आली तेव्हा रस्ते बर्फाने अडले होते. सोबत कुणाला जाता आलं नाही. स्ट्रेचरवरून बाबा म्हणाले होते, "पोचलो की तीन रिंग देतो."

त्या रिंग आल्याच नाहीत. हॉस्पिटलचा फोन आला.

"वसंतात सुरू झालं," थेल्मा सांगत होती. "तिन्हीसांजेला फोन वाजायचा. एकदाच. मग गप्प. आता दोन होतात. जवळ आलेत, पोरी."

वेंडीला भीती नाही वाटली. ती कप विसळायला उठली...

आणि हॉलमधला फोन वाजला.

एक.

दोन...

मग काहीच नाही.

फ्रिजची घरघरसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

शेवटचा फोन कुणाचा होता ते सांगणारा नंबर वेंडीने फिरवला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला. शेवटचा फोन सकाळी आला होता.

त्यानंतर एकही नाही.

वायर जुनी आहे, ओल धरली असेल, असं वेंडीने स्वतःला बजावलं. तरीही नव्या कंपनीच्या मुलाने विचारलं, "लँडलाइन नको ना, मॅडम?" तेव्हा तिने आईकडे पाहिलं.

"तुमच्याकडून नको. जुना फोन जुन्या कंपनीकडेच राहू दे."

"बरं, मॅडम."

"फोनला हात लावलेला नाही हं, आई," वेंडी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. त्या तारेवरचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीकडे नेलं की त्याच तारेवरचा फोन आपोआप बंद होतो आणि नंबर जातो, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

नवं कनेक्शन सुरू व्हायच्या दिवशी ती पुन्हा आली. इंटरनेटच्या नव्या डबीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. थेल्मा ठेवणीतलं कार्डिगन घालून हॉलमध्ये खुर्ची टाकून बसली होती.

"कुठे निघालीस की काय?"

"निघायचंय कुठे? यायचंय कुणीतरी."

बाहेर अंधारून आलं...

फोन वाजला.

एक.

दोन.

थेल्मा उठून उभी राहिली.

तिसरी सुरू झाली... आणि मधेच तुटली.

फोनवरचा लाल दिवा विझला. वेंडीने रिसीव्हर कानाला लावला. नेहमीची गुणगुणसुद्धा नव्हती.

"सुरू झाली होती," थेल्मा म्हणाली. "ऐकलीस ना तू?"

वेंडीने ऐकली होती.

वेंडीने मोबाइलवरून विचारलं तेव्हा जुन्या कंपनीतली बाई शांतपणे म्हणाली, "तो नंबर आता परत मिळणार नाही. बदल तुम्हीच करून घेतलात ना?"

थेल्मा रागावली नाही. तिने बाहेरच्या दारावरचा दिवा लावला. "रस्त्यातच राहिले म्हणायचे," एवढंच म्हणाली.

निघण्याआधी वेंडीने तो फोन भिंतीतून काढला, त्याची वायर त्यालाच गुंडाळली आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवून दिला.

"पोचलीस की तीन रिंग दे गं. मोबाइलवर."

"देते."

लीड्सला आपल्या घरी आल्यावर तिने मोबाइल काढला. बोटं आपोआप जुन्या नंबरावर गेली. पाढ्यांच्याही आधी पाठ झालेला नंबर. तो आता अस्तित्वात नाही, असा निरोप ऐकू यायला हवा होता.

पलीकडे रिंग वाजली.

एक.

दोन...

रिंगच्या मागे काहीतरी ऐकू येत होतं. लयीत. काचेवर वायपर फिरावेत तसं.

वेंडीने फोन कापला.

लगेच तिच्या हातात तो वाजला. आई होती.

"पोचलीस का गं? दोनच रिंग आल्या."

"कुठल्या फोनवर, आई?"

"हॉलमधल्या. आणखी कुठल्या?"

वेंडी भिंतीला टेकली. "मी पोचलेय. घरात आहे मी."

थेल्मा अगदी हळू, समजूत घातल्यासारखं म्हणाली,

"मग तिसरी दे ना, बाळा. म्हणजे मी दार उघडते."

वेंडीने तो नंबर पुन्हा लावलेला नाही. बोट मात्र रोज तिन्हीसांजेला तिथवर जातं आणि थांबतं. दारात नक्की कोण असेल, ते तिला ठाऊक नाही. कुणीच नसेल, तर ते आईने बघावं असंही तिला वाटत नाही.

त्या दारावरचा दिवा अजून रात्रभर जळतो. विजेच्या बिलात तो दिसतो. बाकी सगळीकडे काटकसर सांगणारी वेंडी त्याबद्दल मात्र आईला काही बोलत नाही.