गॅस नॉर्मल

नंदाबाईच्या मनगटातली धमनी अल्काला पहिल्याच टोच्यात सापडली. गोंदियाच्या त्या खासगी दवाखान्यात रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ब्लड गॅसचं यंत्र अल्काच सांभाळायची. नंदाबाई चिचगडची. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधावरून पडली, तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये, आणि सकाळपासून धाप लागलेली.

यंत्रातून चिठ्ठी निघाली. ऑक्सिजन ब्याण्णव, म्हणजे या तपासणीत ठीक.

"यावर जाऊ नका," डॉक्टर भूपेंद्र अल्काला म्हणाले. "फुफ्फुसात गुठळी असली तरी कधी कधी आकडा चांगला येतो. सीटी स्कॅन करू."

अल्का बाहेर आली तेव्हा दारात नंदाबाईचा नवरा दुधराम उभा होता. "काय निंगालं मॅडम?"

"ब्लड गॅस नॉर्मल आहे," अल्का घाईत बोलून गेली.

इथेच ध चा मा झाला. दुधरामला गॅस ठाऊक तो पोटातला, आणि नॉर्मल म्हणजे साधा. साध्या गॅससाठी कोण भरती राहतं? कोणाला न सांगता त्याने बायकोला गावाकडच्या अकराच्या गाडीत बसवलं.

रिकामी खाट अल्काला दुपारी दिसली. तिने केसपेपरवरचा नंबर लावला, पण तिकडे रेंज नव्हती.

दोन वाजता यंत्र घरघरलं. आत नमुना नव्हता. चिठ्ठीवर नंदाबाईचं नाव होतं, ऑक्सिजन चौऱ्याहत्तर. बिघाड असेल म्हणून अल्काने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं.

अडीचला अठ्ठावन्न.

तिने प्लगच काढला. मग भिंतीला टेकून ती नंबर लावत राहिली. आपल्या एका वाक्यापायी ही बाई जाणार, हे तिला कळत होतं आणि रडू आवरत नव्हतं.

तीनला एकोणचाळीस.

फोन लागला.

"दुधरामभाऊ, तिला उठवा! पोटाचा गॅस नाही तो. देवरीच्या दवाखान्यात न्या, आत्ताच!"

"काऊन मॅडम? झोपली हाये थे. आत्ताच डोळा लागला."

"उठवा म्हणते ना!"

हाका ऐकू आल्या.

"मॅडम..." दुधराम रडत होता. "हात थंडा पडला तिचा."

अल्काने दुपारच्या तिन्ही चिठ्ठ्या मुठीत धरल्या.

"पन मॅडम, मनगटावर चार टोचे हायेत. तुमी त एकच खेप टोचलं होतं ना? एकातून अजून रक्त येऊन राहिलं."