सौम्य निळा

शैलजा मोहिते पहिल्या तासाला फळ्याकडे वळल्याच नाहीत. त्यांनी बाकं भिंतीकडे सरकवायला लावली आणि स्थापत्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना जोडीजोडीने समोरासमोर उभं केलं. तळव्याला तळवा लावायचा आणि पाय हळूहळू मागे न्यायचे, दोघांच्या अंगाची कमान होईपर्यंत.

"कुठे लागतंय?" त्यांनी विचारलं.

"तळव्यांत," कुणी म्हणालं. "पोटऱ्यांत," दुसरं म्हणालं.

तहसीन मुलाणीचे बूट फरशीवरून घसरायला लागले होते. "मॅडम, पाय बाहेर पळतायत," ती म्हणाली.

"पळणारच. कमान पायांना बाहेर ढकलते. तो रेटा कुणीतरी अडवावा लागतो. प्रज्योत, तिच्या टाचेमागे तुझा पाय लाव."

प्रज्योतने पाय लावला आणि कमान स्थिर झाली. मग आणखी एकाने त्यावर दप्तर ठेवलं, तसा प्रज्योतच्याच नडगीला ताण बसला आणि तो कळवळला. वर्ग हसला.

"हसू नका. आजचा धडा हाच आहे. वर ठेवलेलं वजन कुठल्या तरी वाटेने जमिनीत जातं. एक वाट बंद झाली तर ते दुसरी शोधतं. हवेत विरत नाही."

कऱ्हाडच्या बाहेर, नदीच्या अंगाला वसलेलं सह्यतेज विद्यापीठ नवं होतं. त्यातलं ग्रंथालय तर सगळ्यात नवं. नव्या कायद्याप्रमाणे त्याच्या प्रत्येक खांबाच्या पोटात कार्बनचे तंतू मिसळलेला काँक्रीटचा एक ठोकळा बसवलेला होता. खांबावरचा दाब बदलला की त्या ठोकळ्यातून वाहणारी वीज बदलते आणि खांबावर किती भार आहे ते कळतं. बांधकामाच्या धंद्यातली माणसं त्या ठोकळ्याला 'कान' म्हणत. कानाने ऐकलेलं डोळ्यांना दिसावं म्हणून भारदर्शक चष्मा निघाला होता. तो लावला की खांब निळे दिसत. फिका निळा म्हणजे आरामात, गडद म्हणजे थकलेला, जांभळा म्हणजे आता बास. चष्मा नसला तर फोनवरही तेच चित्र दिसायचं. दुकानात शिरण्यापूर्वी, लग्नाचा हॉल ठरवण्यापूर्वी लोक फोन वर धरून बघत आणि निर्धास्त होत.

शैलजाबाई मुलांना घेऊन ग्रंथालयाच्या तळमजल्यावर आल्या. चष्मे वाटले गेले. वर तीन मजले पुस्तकं होती आणि गच्चीवर संस्थाचालकांच्या हौसेखातर नंतर बांधलेली कमळांची पुष्करणी. तरीही खांब सगळे एकसारखे फिके निळे होते.

"किती शांत दिसतंय," प्रज्योत म्हणाला.

तहसीन मात्र एका कोपऱ्यात थांबली होती. तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "मॅडम, या खांबाला रंगच नाही."

"कान बिघडला असेल."

"पण दिवा चालू आहे त्याचा."

शैलजाबाईंनी जवळ येऊन पाहिलं. कानाच्या तारा खांबाबाहेरच्या एका डबीत आणलेल्या होत्या आणि त्या डबीवरचा हिरवा दिवा जळत होता. खांब पांढरा होता, म्हणजे त्याच्यावर जवळजवळ काहीच भार नव्हता. त्या गुडघ्यावर बसल्या. खांब आणि फरशी यांच्या सांध्यात केसाएवढी भेग होती.

"सांगा," त्या मुलांकडे न वळता म्हणाल्या. "खांब काही उचलत नसेल तर असं का झालं असेल?"

"खालचा पाया खचला असेल," कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. मग याचं वजन कुठे गेलं?"

"शेजारच्या दोन खांबांवर," तहसीन म्हणाली. ती त्या दोन खांबांकडे बघत होती. मग तिचा आवाज बदलला. "पण ते तर बाकीच्यांसारखेच फिके आहेत. ते गडद असायला पाहिजेत ना?"

शैलजाबाई उठल्या. "चष्मे काढा. सगळे बाहेर, हिरवळीपलीकडे. धावायचं नाही."

मुलांना तिथे बसवून त्या तडक अधिष्ठात्यांकडे गेल्या. तहसीनला त्यांनी बोलावलं नव्हतं, तरी ती मागोमाग आली. डॉ. निकम स्वतः संरचनेचे अभियंते होते. त्यांनी आधी दार लावून घेतलं आणि त्यावरूनच शैलजाबाईंना बरंच कळलं.

"ग्रंथालयाचं चित्र खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"खोटं नाही. सौम्य आहे. कायद्यातच तशी सोय आहे. ठरावीक रेषेच्या वरचा रंग फक्त मालकाला दिसतो. बाकीच्यांना फिका निळा. लोक घाबरून चेंगरून मरू नयेत म्हणून."

"मग वरचं झाकलंत आणि खालचं झाकायला विसरलात. रिकामा खांब उघडा पडला. पहिल्या वर्षाच्या मुलीला दिसला तो."

निकमांनी तहसीनकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "त्या कोपऱ्याखाली जुनी विहीर होती. नीट बुजवली नव्हती म्हणतात. पावसात माती बसली. मे महिन्यात काम धरलंय."

"म्हणजे तुम्हाला पावसाळ्यापासून ठाऊक आहे. आणि रोज मुलं आत बसतायत."

"मॅडम, कुठल्याही इमारतीत सुरक्षेसाठी जादा ताकद धरलेली असते. तुम्हीच शिकवता."

"आपल्याला जे माहीत नसतं त्याच्यासाठी ती धरायची असते, डॉक्टर. तुम्हाला माहीत आहे. माहीत असलेल्या गोष्टीसाठी ती वापरणं म्हणजे चोरी." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण टेबलावर टेकवलेली बोटं पांढरी पडली होती. "निदान पुष्करणी रिकामी करा. आत्ता."

"उद्या वर्धापनदिन आहे. पाण्यावर दिवे सोडायचेत. पाहुणे गच्चीवर येणार आहेत. परवा बघू."

"पाहुणे गच्चीवर?" तहसीन पहिल्यांदाच बोलली. "त्या खांबांवर अजून माणसं चढवणार तुम्ही?"

"बाळ, तू बाहेर थांब."

"मी तुमचं बाळ नाही, सर. माझी मैत्रीण आत्ता तिसऱ्या मजल्यावर अभ्यास करतेय."

 निकमांनी फोन उचलला, पण लावला नाही.

प्रयोगशाळेत ग्रंथालयाच्या बांधकामातले काही कान शिल्लक होते. शैलजाबाईंनी एक दाबयंत्रात ठेवला, त्याला साधा मीटर जोडला आणि वर्गाला भोवती उभं केलं. यंत्र दाबत गेलं तसा विजेच्या अडथळ्याचा आकडा उतरत गेला. मग टचकन आवाज आला आणि ठोकळ्यावर तिरपी चीर उठली. चीर पडण्याच्या क्षणी मीटरवर असलेला आकडा त्यांनी खडूने फळ्यावर लिहिला.

"चष्मा मालकाचा आहे," त्या म्हणाल्या. "मीटर आपला."

त्यांनी मुलांना बाहेरच ठेवलं आणि एकट्या आत जाऊन त्या पांढऱ्या खांबाशेजारच्या एका खांबाच्या डबीला लांब वायर जोडून आल्या. वायर हिरवळीपर्यंत आणून मीटर गवतावर ठेवला. सगळे वाकून बघू लागले. फळ्यावरच्या आकड्यात आणि याच्यात फारसं अंतर उरलं नव्हतं. 

प्रज्योत आणि तहसीन दारात उभे राहून आतल्यांना हाका मारू लागले. दोघेचौघे बाहेर आले. एका मुलाने तिथेच फोन वर धरला. "काय राव, सगळं निळं तर दिसतंय. पेपर आहे आमचा, जा ना."

"निळं दिसतंय कारण दाखवतायत," तहसीन म्हणाली.

"तू कोण? फर्स्ट इयर ना?"

 तहसीन रागाने वळली, व्हरांड्यातली विजेची पेटी उघडली आणि मुख्य खटका खाली ओढला. पंखे थांबले, इंटरनेट गेलं. एवढं सगळं सांगून जे झालं नव्हतं ते आता झालं. पोरं शिव्या देत, चार्जर गुंडाळत जिने उतरू लागली. तिसऱ्या मजल्यावरून तिची मैत्रीण उतरली, तेव्हा तहसीनने तिचा दंड इतका घट्ट धरला की ती ओरडली.

इमारतीच्या मागे, हिरवळीला लागूनच, पुष्करणीच्या निचऱ्याचा नळ होता. त्याचं चाक गंजलं होतं. शैलजाबाईंनी पदर खोचला आणि लोखंडी सळई अडकवून ते फिरवलं. आधी घरघर झाली, मग जाडजूड धार बाहेर पडली. पाणी उताराने वाहत उद्याच्या मांडवात शिरलं, सतरंज्या भिजल्या, फुलांच्या कुंड्या आडव्या झाल्या. मांडववाले ओरडत धावत आले. त्या नळापासून हलल्या नाहीत.

"चढतोय," गवतावर बसलेला प्रज्योत म्हणाला. मीटरचा आकडा सावकाश वर येत होता. खांबावरचं ओझं उतरत होतं. मुलं डोकी जोडून बघत राहिली. पाणी वाहत होतं आणि आत तळमजल्यावरचा, त्यांच्यातल्या कुणालाच न दिसणारा एक खांब श्वास घेतल्यासारखा मोकळा होत होता.

निकम आले तेव्हा त्यांच्या बुटांतून पाणी वाजत होतं. "कुणाच्या परवानगीने?"

"मीटर बघा," शैलजाबाई म्हणाल्या.

त्यांनी पाहिलं. त्यांना तो आकडा कळला, हे सगळ्या वर्गाला दिसलं. तरीही ते म्हणाले, "अफवा पसरवून मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल तुम्हाला उत्तर द्यावं लागेल."

आठवडा उलटायच्या आत शैलजाबाई निलंबित झाल्या. ग्रंथालयाच्या कोपऱ्याला लोखंडी टेकू लागले, त्यांच्यावर हिरवं कापड आलं आणि 'सुशोभीकरणाचे काम चालू' अशी पाटी आली. चौकशी समितीपुढे तहसीनला बोलावलं गेलं. समितीतल्या एका गृहस्थांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "इमारत पडली का?"

"नाही."

"मग तुमच्या मॅडमचं म्हणणं चुकीचंच ठरलं ना?"

"टेकू कशाला लावलेत, सर?"

 पुढच्या उमेदवाराला बोलवावं तसं शिपायाने दार उघडलं. बाहेर आल्यावर तिला रडू आलं आणि रडू आल्याचाच जास्त राग आला. इमारत कोसळली असती तर सगळ्यांनी ऐकलं असतं. इमारत वाचली, म्हणून तहसीन आणि मॅडम खोट्या.

त्या रागातच तिने वर्गाला गोळा केलं. शैलजाबाईंच्या घरच्या हॉलमध्ये तास पुन्हा सुरू झाले. मुलांनी रंग नसलेला खांब ओळखायची आणि मीटर जोडायची रीत लिहून काढली आणि साध्या मराठीत सगळीकडे पाठवून दिली. गावोगावहून फोन येऊ लागले. कुणी शाळेतल्या कानाचा आकडा विचारत होतं, कुणी बसस्थानकाच्या. शैलजाबाई प्रत्येकाला एकच सांगत, आधी माणसं बाहेर काढा, मग मोजा.

एका दुपारी तहसीनच्या अम्मीचा फोन आला. ती साताऱ्यात एका नव्या, उंच रुग्णालयात परिचारिका होती. पलीकडून यंत्रांचे बारीक ठोके ऐकू येत होते.

"तू पाठवलेलं वाचलं," अम्मी हळू आवाजात म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन सगळे खांब बघितले. एकाला रंग नाही."

तहसीन उठून उभी राहिली. "अम्मी, सगळ्यांना बाहेर काढ."

"माझ्या वॉर्डातली माणसं श्वाससुद्धा यंत्रावर घेतायत, बेटा. साहेबांना विचारलं तर म्हणाले, पडद्यावर निळं आहे ना, काम करा." तिने आवाज आणखी खाली आणला. "यांना हलवलं तर यातले काही वाटेत जातील. नाही हलवलं तर काय होईल ते फक्त मालकाला दिसतंय. मी आता कुणाला विचारू?"