गुरुवारी एकटी असते

दीपमाला इंगोले आत आली आणि बसायच्या आधी तिने मागे वळून दाराला कडी लावली. परक्याच्या ऑफिसात येऊन कडी लावणारी अशील श्रीनिवासराव आपट्यांनी चार वर्षांत पहिल्यांदाच पाहिली.

"असू द्या," आम्रपाली रणपिसे म्हणाल्या. "लावलेलीच बरी."

सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्रपालीबाईंचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. श्रीनिवासराव पोस्टातून निवृत्त झालेले. टिपणं काढणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं, ही दोन कामं ते अगदी मनापासून करत.

दीपमालाबरोबर तिचा होणारा नवरा होता, दत्तप्रसाद माने. तासगावचा, घरचं बेदाण्याचं शीतगृह. आल्याआल्या त्याने तिच्यासाठी पाणी मागितलं, पंखा वाढवायला सांगितला. श्रीनिवासरावांना मुलगा फारच आवडला.

"खरं तर इथे यायचंच नव्हतं," तो म्हणाला. "दीड महिन्यावर लग्न आलंय. पत्रिकेत छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले म्हणून माझी आई गावभर सांगत सुटलीय, आणि मध्येच हे! मी हिला म्हणतोय, सोड ती नोकरी, चल तासगावला. लोकांच्या तोंडी नाव गेलं की संपलंच."

"गेलंय की आधीच," दीपमाला म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

ती वाशीमकडची. आठ वर्षांपूर्वी एकटी पुण्यात आली, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली, आता कर्वेनगरात रुपाली नावाच्या मैत्रिणीबरोबर भाड्याने राहत होती. नऊ दिवसांपासून तिला अनोळखी पुरुषांचे फोन येत होते. काय बोलत ते सांगताना तिने मान खाली घातली. मग एक ईमेल आला. सोबत एका पानाचा फोटो, आणि खाली तीन ओळी: हे डार्क वेबवर आहे. नोकरी आणि पुणं सोड. गेलीस की पान काढीन.

"आणि परवा गुरुवारी एक माणूस दारापर्यंत आला. मी आतून कडी धरून वीस मिनिटं उभी होते. तो ओरडत नव्हता हो. हळू आवाजात माझं नाव घेत होता. घरातलं माणूस हाक मारतं ना, तसं."

श्रीनिवासरावांचं टिपण तिथेच थांबलं.

"पोलीस?" आम्रपालीबाईंनी विचारलं.

"सायबर पोलिसांत तक्रार दिलीय. तपास चालू आहे म्हणतात. पण पुढचा गुरुवार येईलच ना? मी राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी देणार. मला आता भाजी आणायलाही खाली उतरवत नाही."

आम्रपालीबाईंनी पानाचा फोटो उचलला. मजकूर इंग्रजीत होता. त्यांनी तो मराठीत, सावकाश वाचला. नाव: दीपमाला वसंत इंगोले. जन्म: ९ नोव्हेंबर १९९६. कर्वेनगरचा पत्ता, फ्लॅटचा क्रमांक, मोबाइल नंबर. आणि शेवटी: पाहुण्यांना नाही म्हणत नाही. गुरुवारी एकटी असते.

"यातलं काही चूक आहे?"

"शेवटचं घाणेरडं सोडून सगळं बरोबर आहे. त्याचीच तर भीती वाटते."

"गुरुवारचं कुणाकुणाला माहीत?"

"रुपालीला. दोन आठवड्यांपासून गुरुवारी तिला ऑफिसला जावं लागतं आणि मी घरून काम करते. घरमालक हिंदुराव, ते खालीच राहतात. ऑफिसातला राकेश. आणि दत्तप्रसादला, अर्थात."

"आईला?"

"छे! आईला कळलं तर ती जेवायची नाही."

"पत्ता नि गुरुवार दोन्ही माहीत असलेली माणसं इतकीच," आम्रपालीबाई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत राजीनामा देऊ नका."

त्या दुपारी दोघं कर्वेनगरात गेली. रुपाली दारातच रडायला लागली.

"मी कशाला करू असं? ती गेली तर एवढं भाडं मी एकटी कुठून भरू? आणि रात्री मलाही झोप लागत नाही. त्या माणसाला थोडंच ठाऊक, आत मी आहे का ती!"

हिंदुरावांची शेती शहराने कधीच गिळली होती. त्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत ते तळमजल्यावर राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत.

"पोलीस व्हेरिफिकेशनबिगर मी कुणाला ठेवत न्हाय," त्यांनी फाइल पुढे ढकलली. "कागद समदं हायती. बघा की."

दीपमालाच्या आधारची झेरॉक्स वरच होती. श्रीनिवासरावांनी नेमाने उतरून घेतलं: नाव, नंबर, जन्म १ जून १९९६.

"ही झेरॉक्स कुठे काढली?"

"नाक्यावर. तिथंच समदे काढत्यात."

श्रीनिवासरावांना दरदरून घाम फुटला. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः गॅसचं, बँकेचं, सिमचं, सगळं अशाच एका दुकानात काढून दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तसंच सोडलं होतं. कुठल्या काळोखात आपलं नाव फिरत असेल, देव जाणे! आम्रपालीबाई मात्र त्या झेरॉक्सकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग फाइल परत केली.

राकेश चहाच्या टपरीवर भेटला. कंपनीत चोरांपासून कॉम्प्युटर राखायचं काम तो करत होता. श्रीनिवासरावांनी त्याला बघताक्षणी गुन्हेगार ठरवून टाकलं.

"सर, डार्क वेब म्हणजे काय जादू नाही," राकेश म्हणाला. "साध्या शोधात ती पानं सापडत नाहीत. त्यासाठी वेगळा ब्राउझर लागतो, बस. कोण बघतंय, कोण चालवतंय, ते लपून राहतं. तिथे सगळंच वाईट असतं असंही नाही. पण चोरीचे पासवर्ड, कार्डं, लोकांचे पत्ते विकणारेही तिथेच बसतात."

"असं पान टाकायला तुमच्यासारखा तज्ज्ञच लागत असेल," श्रीनिवासरावांनी खडा टाकला.

"नाही हो! तासाभरात कुणीही शिकेल. टाकणं सोपं आहे. परत घेणं अवघड."

"दीपमालाशी तुमचं कसं आहे?" आम्रपालीबाईंनी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "चांगली मैत्री आहे. मला थोडं जास्त वाटत होतं, तिने स्पष्ट नाही म्हटलं. विषय संपला. तरी एक जूनला तिच्या वाढदिवसाला केक मीच आणला. मेणबत्त्या लावल्या तर ती हसतच सुटली, का ते काही सांगेना."

परतताना श्रीनिवासराव उसळले. "अहो, हाच! नकार मिळालेला, कॉम्प्युटर कोळून प्यालेला. अजून काय हवं?"

"तुम्हाला काहीच नको असतं, हेच तर सुख आहे तुमचं," आम्रपालीबाई म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी दीपमालाला फोन करून दोन प्रश्न विचारले आणि मग राकेशला एक काम सांगितलं.

रविवारी सकाळी अकराला सगळे ऑफिसात जमले. दीपमाला दत्तप्रसादला चिकटून बसली होती. तिने त्याची बाही धरली होती. तो जवळ असला की तिला जरा श्वास घेता येत होता, हे कुणालाही दिसत होतं.

आम्रपालीबाईंनी प्रत्येकाला कागदाचा कपटा दिला. "दीपमालाचा वाढदिवस लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

"आता हे काय नवीन?" दत्तप्रसाद हसला. पण लिहिलं सर्वांत आधी त्यानेच.

आम्रपालीबाईंनी कपटे उलगडले. "रुपाली, एक जून. राकेश, एक जून. हिंदुराव, एक जून. दत्तप्रसाद, नऊ नोव्हेंबर. पहाटे चार वाजून दहा मिनिटं."

"माझंच बरोबर आहे," दत्तप्रसाद म्हणाला. "विचारा तिला."

"बरोबर आहे. म्हणूनच तुम्ही अडकलात."

दत्तप्रसादने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"दीपमाला जन्मली नोव्हेंबरात," आम्रपालीबाई म्हणाल्या. "जूनमध्ये शाळेत घालायला वय भरेना, म्हणून गुरुजींनी एक जून लावली. खेड्यापाड्यांत निम्मा वर्ग एक जूनलाच जन्मतो. मग दाखला, आधार, बँक, नोकरी, सगळीकडे तीच तारीख. माहिती झेरॉक्सच्या दुकानातून गेली असती, कंपनीतून गेली असती, चोरांनी कुठूनही उचलली असती, तरी त्या पानावर एक जूनच आली असती. पण पानावर आहे नऊ नोव्हेंबर. दीपमालाने वाचलं तेव्हा तिला काही खटकलं नाही, कारण ती खरी तारीख आहे. खरी तारीख फक्त एका कागदावर आहे: जन्मपत्रिकेवर. मी काल तिला विचारलं, पत्रिका कुठे कुठे दिली होती? एकाच घरी. दुसरं विचारलं, तारखेचा हा घोळ इथे कुणाला सांगितला होता? कुणालाच नाही."

"पत्रिका घरात सगळ्यांनी पाहिलीय!" दत्तप्रसाद म्हणाला.

"पाहिली असेल. पण गुरुवारचं तुमच्या घरात फक्त तुम्हालाच माहीत होतं. वाशीमच्या लोकांना तारीख माहीत, गुरुवार नाही. या तिघांना गुरुवार माहीत, तारीख नाही. दोन्ही माहीत असलेला माणूस एकच उरतो. तुम्ही तिचं आधार कधी पाहिलंच नव्हतं. हाताशी पत्रिका होती, तीच उतरवलीत."

दीपमालाने त्याची बाही सोडली. हळूच नाही, चटका बसावा तशी.

"दत्ता?"

तो आधी चिडला, मग त्याचा चेहराच पडला. "मी तुला काही होऊ देणार होतो का? नुसतं घाबरवायचं होतं. तुझं पुणं सुटत नव्हतं! हो म्हणायचीस आणि पुन्हा नोकरीचं काढायचीस. घाबरलीस की माझ्याकडेच येणार होतीस ना? थांब, आत्ता काढतो मी."

त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला, धडाधडा बटणं दाबली. पान उघडलं.

"आता हात वर घ्या," आम्रपालीबाई म्हणाल्या. "तुमच्या पासवर्डने उघडलंय, एवढं पुरे. खाली दवाखान्यात सायबर शाखेच्या बाई पेशंटसारख्या बसल्यात. त्यांना ते तसंच बघू दे."

"पण काढतो म्हणतोय ना! मग विषयच संपेल!"

"राकेश, सांगा त्यांना."

राकेशने मान वर केली नाही. "मी आज सकाळी शोधलं. तोच मजकूर आणखी दोन ठिकाणी आहे. ही फक्त मला सापडलेली."

"मी नाही टाकला तिथे!" दत्तप्रसाद ओरडला. "शपथ!"

"नाहीच टाकला तुम्ही," आम्रपालीबाई म्हणाल्या. "तिथे माल उचलायला कुणी विचारत नाही. गुरुवारी दाराशी आलेला माणूस तुम्ही पाठवला होता का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तो कोण होता, हे त्यालाही माहीत नव्हतं. श्रीनिवासरावांना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. गुन्हेगार समोर बसला होता, आणि तरी धोका बाहेर मोकळा फिरत होता.

पोलीस त्याला घेऊन गेले. रुपाली आणि राकेश खाली थांबले. हिंदुराव जाताना म्हणाले, "पोरी, दुसऱ्या इमारतीत माझा एक फ्लॅट रिकामा हाय. पत्ता कुणाला सांगू नगंस."

"नंबर बदला, घर बदला," आम्रपालीबाई म्हणाल्या. "पासवर्ड आजच. बँकेला कळवा. पोलिसांच्या मागे मी लागते."

"म्हणजे भीती जाईल?"

"लगेच नाही जायची. खोटं कशाला सांगू?"

दीपमाला बराच वेळ रडली. श्रीनिवासरावांनी पाण्याचा पेला धरून ठेवला, दुसरं काही त्यांना सुचेना. मग तिने डोळे पुसले आणि फोन लावला.

"आई, लग्न मोडलं. ऐक, आधी रडू नको. सगळं सांगते." तिने सगळं सांगितलं, गुरुवारसकट, दारातल्या माणसासकट. पलीकडून घाईघाईने काहीतरी विचारलं गेलं, ते श्रीनिवासरावांनाही ऐकू आलं.

"नाही आई, मी नाही येत," दीपमाला म्हणाली. "तू ये. रात्रीच्या गाडीत बस. स्टँडवर मी येते घ्यायला." ती थोडी थांबली. "हो. एकटीच येते."